अवकाशीय प्लाझ्मातील तरंग आणि विद्युत्भारित कण : एका संकल्पनेचा इतिहास

(१)

वायूतील कण एकमेकांवर आदळतात आणि त्या टकरींतून ऊर्जेची देवघेव होते, हे तत्त्व मॅक्सवेल व बोल्ट्झमान यांनी एकोणिसाव्या शतकात इतके दृढ केले की, उष्णतावहन, श्यानता, विसरण इत्यादी सर्व घटनांची उपपत्ती त्यावरच उभारली गेली. पृथ्वीपासून काही हजार किलोमीटर उंचीवर मात्र हे तत्त्व बहुतांशी निरुपयोगी ठरते. तेथील द्रव्य इलेक्ट्रॉन व आयन यांचे, म्हणजेच प्लाझ्मा किंवा आयनद्रायू या अवस्थेतील असते. आणि ते इतके विरळ असते की, कणाकणांची प्रत्यक्ष टक्कर ही तेथे अपवादात्मक घटना होय. सौरवातात तर दोन टकरींमधला सरासरी मार्ग पृथ्वी आणि सूर्य यांमधील अंतराच्या कोटीचा भरतो. असे असूनही या प्रदेशातील कण ऊर्जा मिळवितात, ती गमावतात, आपली दिशा बदलतात आणि कधी कधी मोठ्या संख्येने वातावरणात येऊन पडतात. टकरी नसतील, तर हे कार्य करते कोण?

या प्रश्नाचे आज मान्य असलेले उत्तर असे की, हे कार्य प्रामुख्याने तरंग करतात. प्लाझ्मामध्ये निर्माण होणारे विद्युत् आणि विद्युत्‌चुंबकीय तरंग कणांना ढकलतात, त्यांच्याकडून ऊर्जा घेतात व त्यांना देतात. आणि ज्या कणांनी तरंगांस जन्म दिला त्यांचीच गती ते तरंग पुढे बदलून टाकतात. पाठ्यपुस्तकांत हे विधान पहिल्याच प्रकरणात येत असल्यामुळे ते प्रारंभापासून स्पष्ट असावे, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. या संकल्पनेचे दोन घटक दोन वेगळ्या परंपरांत वाढले. एक परंपरा ऐकणाऱ्यांची होती व दुसरी समीकरणे मांडणाऱ्यांची. कित्येक वर्षे पहिलीला दुसरीची गरज भासली नाही आणि दुसरीला पहिलीची वार्ता नव्हती. त्यांचा संगम झाला तो दोहोंपैकी एकीच्या अंतर्गत विकासामुळे नव्हे, तर एका तिसऱ्याच शोधाने उपस्थित केलेल्या प्रश्नामुळे. हा प्रश्न कोणता आणि तो संगमास कारण का झाला, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

(२)

पहिल्या परंपरेचा आरंभ तारायंत्र व दूरध्वनी यांच्या तारांवर झाला. १८९४ मध्ये ध्रुवीय प्रकाश दिसत असताना ब्रिटनमधील तारायंत्राच्या तारांना दूरध्वनीचे श्रवणयंत्र जोडून ऐकणाऱ्यांना विचित्र ध्वनी ऐकू आल्याचे विल्यम प्रीस यांनी नमूद केले. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन भौतिकीविज्ञ हाइनरिख बार्कहाउझेन हे शत्रूच्या रणक्षेत्रातील दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकण्याच्या कामी होते. जमिनीतून पाझरणारे अत्यंत क्षीण प्रवाह नव्या निर्वात नलिकांच्या विवर्धकाने मोठे करून ऐकले जात. त्या श्रवणयंत्रांतून मधूनमधून एक शीळ ऐकू येई. तिचा स्वर उंच पट्टीत सुरू होऊन सेकंद-दोन सेकंदांत खाली उतरत जाई. तोफगोळे उडताना ऐकू येत आहेत, असे आघाडीवरील सैनिक तिच्याविषयी म्हणत. बार्कहाउझेन यांनी ही हकीकत १९१९ मध्ये प्रसिद्ध केली. हेरगिरीच्या दृष्टीने हा निव्वळ व्यत्यय होता. परंतु तो उपकरणाचा दोष नसून निसर्गातील घटना असावी, हे त्यांनी ओळखले. तिच्या कारणाविषयी त्यांनी नंतरच्या लेखनात दोन तर्क मांडले. त्यांपैकी एक असा की, वीज चमकताना निघणारा क्षणिक स्पंद मार्गात अशा माध्यमातून जात असावा की, ज्यात निरनिराळ्या कंप्रतांचा वेग निरनिराळा आहे.

या तर्काला गणिती रूप मिळाले ते १९३५ मध्ये. मार्कोनी कंपनीतील टी. एल. एकर्स्ली यांनी चुंबकीय क्षेत्रातील आयनीभूत माध्यमाच्या सिद्धांताचा आधार घेऊन असे दाखविले की, अशा माध्यमातून येणाऱ्या कमी कंप्रतेच्या तरंगांस लागणारा विलंब कंप्रतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून उंच स्वर आधी पोहोचतो व खालचा मागून येतो. शीळ अशा रीतीने स्पष्ट झाली. पण हे माध्यम नेमके कोठे आहे, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. त्या काळी ज्ञात असलेले आयनांबर काही शे किलोमीटर उंचीपर्यंतचे होते आणि एवढ्या जाडीत निरीक्षित विलंब बसत नव्हता.

हा प्रश्न केंब्रिज येथील एल. आर. ओ. स्टोरी यांनी सोडविला. त्यांचा निबंध १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. शिळांची नोंद करून, त्यांचे कंप्रतावार पृथक्करण करून त्यांनी दोन गोष्टी सिद्ध केल्या. पहिली अशी की, कमी कंप्रतेच्या या तरंगांची ऊर्जा भूचुंबकीय क्षेत्ररेषांच्या दिशेपासून फार ढळू शकत नाही. हे विचलन १९ अंश ३० मिनिटांपेक्षा किंचित कमीच राहते. दुसरी अशी की, एका गोलार्धातील विजेपासून निघालेला स्पंद क्षेत्ररेषेच्या अनुरोधाने अवकाशात चढून विषुववृत्तावरून दुसऱ्या गोलार्धात उतरतो आणि कित्येकदा परावर्तित होऊन पुन्हा मूळ ठिकाणी येतो. हा मार्ग पृथ्वीपासून सुमारे १२,००० किलोमीटर उंचीवरून जात असेल, तर तेथे दर घन सेंटिमीटरला काही शे इलेक्ट्रॉन असले पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. एवढ्या उंचीवर इतके इलेक्ट्रॉन असतील, अशी त्या वेळी कोणाची अपेक्षा नव्हती. लवकरच अल्यूशियन बेटे व न्यूझीलंड या एकाच क्षेत्ररेषेच्या दोन टोकांजवळील ठिकाणी एकाच वेळी केलेल्या निरीक्षणांनी स्टोरी यांचे म्हणणे खरे ठरले. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात अशा निरीक्षणकेंद्रांचे जाळेच उभारण्यात आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. स्टोरी यांच्या विवेचनात तरंग हा प्रवासी होता व प्लाझ्मा हा त्याचा मार्ग. मार्ग प्रवाशाचा वेग ठरवितो. पण प्रवासी मार्गात काही फेरबदल करतो, ही कल्पना त्यात नव्हती व तिची आवश्यकताही नव्हती. तथापि ज्या नोंदींत शिळा होत्या त्यांतच, मुख्यतः पहाटेच्या सुमारास, पक्ष्यांच्या किलबिलाटासारखे चढत्या स्वरांचे ध्वनी होते. त्यांना ‘पहाटेचा समूहस्वर’ अशा अर्थाचे नाव पडले. हे ध्वनी विजेशी जोडता येत नव्हते. भूचुंबकीय क्षोभाच्या दिवसांत मात्र ते वाढत, हे स्टोरी यांनीच नमूद केले आहे. या ध्वनींचे उगमस्थान अवकाशातच कोठे तरी असणार, एवढेच त्या वेळी म्हणता येत होते.

(३)

दुसऱ्या परंपरेचा उगम प्रयोगशाळेतील विद्युत् विसर्जन नलिकांत आहे. १९२८ मध्ये अर्व्हिंग लँगम्युअर यांनी आयनीभूत वायूला ‘प्लाझ्मा’ हे नाव दिले, आणि पुढील वर्षी टाँक्स व लँगम्युअर यांनी त्यातील इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक आंदोलनांचे विवेचन केले. मॉस्को येथील आनातोली व्लासोव यांनी १९३८ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. विद्युत् प्रेरणा दूरवर पोहोचत असल्यामुळे प्लाझ्मातील प्रत्येक कण जवळच्या एकाच कणाशी नव्हे, तर असंख्य कणांनी मिळून निर्माण केलेल्या सामूहिक क्षेत्राशी बांधलेला असतो; म्हणून टकरींचे पद पूर्णपणे वगळून, वितरण फलन व सामूहिक क्षेत्र यांची सांगड घालणारे समीकरण लिहावे, अशी त्यांची भूमिका होती.

व्लासोव यांनी काढलेल्या उत्तरात एक अडचण होती. ज्या कणांचा वेग तरंगाच्या वेगाइतकाच आहे, तेथे समाकलातील छेद शून्य होतो. ही अडचण केवळ गणिती नसून तीतच मुख्य भौतिक घटना दडलेली आहे, हे १९४६ मध्ये लेव्ह लांडाउ यांच्या निबंधातून स्पष्ट झाले. प्रश्न आरंभिक स्थितीपासून पुढे सोडवीत गेल्यास, एकही टक्कर न होता तरंगाचा विद्युत् आंदोलविस्तार कमी कमी होत जातो, असे त्यांनी दाखविले. याचे भौतिक चित्र नंतरच्या लेखकांनी अधिक स्पष्ट केले. तरंगापेक्षा किंचित मंद असलेले कण तरंगाकडून ओढले जातात व ऊर्जा मिळवितात. किंचित वेगवान असलेले कण रोखले जातात व ऊर्जा गमावतात. साधारण वितरणात मंद कणांची संख्या अधिक असल्याने एकूण हिशेबात तरंगाचा तोटा होतो. उलट, काही कारणाने वेगवान कण अधिक झाले, तर हेच गणित तरंगाची वाढ दर्शविते. बोम व ग्रॉस यांनी १९४९ मध्ये ही दुसरी बाजू विशेषत्वाने मांडली.

टकरीशिवाय क्षय ही कल्पना पुष्कळांना पचनी पडली नाही. मूळ समीकरण काळाच्या दृष्टीने उलट फिरविता येण्याजोगे असता त्याचे उत्तर एकाच दिशेने क्षय पावणारे कसे, हा आक्षेप साहजिक होता. त्याचे उत्तर असे की, तरंगाची स्मृती नष्ट होत नाही. ती कणांच्या वेगांच्या वितरणात अतिसूक्ष्म चढउतारांच्या रूपाने शिल्लक राहते. प्रायोगिक पुरावा मिळण्यास मात्र अठरा वर्षे लागली. सान डिएगो येथे माल्मबर्ग व व्हॉर्टन यांनी १९६४ मध्ये लांडाउ अवमंदनाचे मापन प्रसिद्ध केले. पुढे १९६८ मध्ये प्लाझ्मातील ‘प्रतिध्वनी’चे प्रयोग झाले. दोन तरंग एकामागून एक विरून गेल्यानंतर योग्य ठिकाणी तिसरा तरंग आपोआप प्रकट होतो, हे त्यांत दिसून आले. म्हणजे स्मृती शिल्लक असते, हे प्रत्यक्षच सिद्ध झाले.

लांडाउ यांच्या निबंधाचा विषय अवकाश नव्हता. त्यात चुंबकीय क्षेत्रही नव्हते. केंब्रिजमध्ये शिळा ऐकणाऱ्यांना त्याचा उपयोग नव्हता, आणि मॉस्कोतील सिद्धांतकारांसमोर शिळांचा प्रश्न नव्हता. तरंग व कण यांचा परस्परसंबंध अशा रीतीने १९५० च्या सुमारास सिद्धांतात उपलब्ध होता. त्याचा आविष्कार श्रवणयंत्रात ऐकू येत होता. परंतु एकाचा संबंध दुसऱ्याशी आहे, असे मानण्यास कोणाला कारण पडले नव्हते.

(४)

हे कारण १९५८ मध्ये उपस्थित झाले. त्या वर्षाच्या आरंभी अमेरिकेने सोडलेल्या पहिल्या एक्स्प्लोरर उपग्रहावर जेम्स व्हॅन ॲलन यांच्या गटाने गायगर गणित्र बसविले होते. अधिक उंचीवर हे गणित्र चमत्कारिक रीतीने स्तब्ध होई. मार्चमधील तिसऱ्या एक्स्प्लोररच्या नोंदींवरून खुलासा झाला की, कण नाहीत म्हणून नव्हे, तर कणांची गर्दी गणित्राच्या मोजण्याच्या शक्तीपलीकडे गेल्याने ते बंद पडत होते. १ मे १९५८ रोजी हा शोध जाहीर झाला, आणि वर्षअखेरीस पायोनियर ३ च्या उड्डाणाने असे दिसून आले की, पृथ्वीभोवती एक नव्हे, तर दोन प्रारण पट्टे असून त्यांच्या मध्ये कमी प्रारणाची एक पोकळी आहे.

भूचुंबकीय क्षेत्रात कण अडकून राहू शकतात, हे कार्ल स्टॉर्मर यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गणितांवरून माहीत होते. कण क्षेत्ररेषेभोवती गिरक्या घेत एका गोलार्धाकडून दुसऱ्या गोलार्धाकडे जातो, क्षेत्र तीव्र होते तेथून परततो आणि त्याच वेळी पृथ्वीभोवती सावकाश सरकत राहतो. हा सापळा आदर्श असेल, तर कण त्यातून कधीच सुटणार नाही. ज्या कणांची परतण्याची जागा वातावरणात येते, म्हणजे ज्यांचा वेग क्षेत्ररेषेशी अगदी लहान कोन करतो, तेवढेच नष्ट होतील.

साहजिकच प्रथम विचारला गेलेला प्रश्न असा होता की, एवढे कण आले कोठून? परंतु या शोधाचे खरे कोडे त्याच्या उलट निघाले. निरीक्षणे वाढली तसे दिसून आले की, बाह्य पट्ट्यातील इलेक्ट्रॉन टकरींच्या हिशेबाने जितके टिकावयास हवेत तितके टिकत नाहीत. संख्या वाढते आणि काही दिवसांत उतरते. मध्यल्या पोकळीत तर ते टिकतच नाहीत. म्हणजे सापळ्याला कोठे तरी गळती होती.

या प्रश्नाला त्या काळी केवळ शास्त्रीय महत्त्व नव्हते. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील जॉन्स्टन बेटावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगॅटन शक्तीचा ‘स्टारफिश प्राइम’ हा अण्वस्त्र-स्फोट घडवून आणला. त्यातून निघालेल्या इलेक्ट्रॉनांनी पृथ्वीभोवती एक कृत्रिम पट्टा निर्माण झाला. ब्रिटनच्या एरिअल १ या उपग्रहाची हानी झाली. स्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी सोडलेला टेलस्टार हा संदेशवहनाचा उपग्रह नोव्हेंबरमध्ये बिघडला आणि तात्पुरत्या दुरुस्तीनंतर फेब्रुवारी १९६३ मध्ये कायमचा निकामी झाला. हे इलेक्ट्रॉन आतल्या भागात वर्षानुवर्षे टिकून राहिले, तर बाहेरच्या भागात ते फार लवकर नाहीसे झाले. पहिला भाग टकरींच्या सिद्धांताशी जुळणारा होता, दुसरा नव्हता. मानवाने नकळत एक प्रयोग केला होता आणि त्याचे फलित टकरींच्या सिद्धांताच्या मर्यादेकडे बोट दाखवीत होते.

(५)

गळतीचे कारण शोधताना दोन्ही परंपरा एकत्र आल्या. गॅले व हेलिवेल यांनी १९५९ मध्येच अवकाशातील ध्वनींची तुलना सूक्ष्मतरंग-तंत्रातील प्रगामी-तरंग नलिकेशी केली होती. त्या नलिकेत इलेक्ट्रॉनांचा झोत आपली ऊर्जा तरंगास देऊन त्याचे विवर्धन करतो. १९६३ मध्ये जे. डब्ल्यू. डंगी यांनी प्रश्नाची दिशा बदलली. कण तरंगाला काय देतात, हे न विचारता तरंग कणांचे काय करतात, असे त्यांनी विचारले; आणि विजेपासून निघालेल्या शिळाच प्रारण पट्ट्यांतील इलेक्ट्रॉनांच्या नाशास कारण होत असाव्यात, असे सुचविले. ज्या तरंगाला स्टोरी यांनी प्रवासी मानले होते, तो येथे प्रथमच कर्ता झाला.

या आंतरक्रियेचे स्वरूप असे आहे. इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषेभोवती एका ठराविक कंप्रतेने गिरक्या घेतो. शीळ-तरंगाचे क्षेत्रही त्याच दिशेने फिरते. पण त्याची कंप्रता इलेक्ट्रॉनाच्या गिरक्यांच्या कंप्रतेहून कमी असते. म्हणून सामान्यतः तरंगाचा धक्का एका क्षणी पुढे, तर दुसऱ्या क्षणी मागे बसतो आणि सरासरी परिणाम शून्य होतो. इलेक्ट्रॉन तरंगाला सामोरा जात असेल, तर डॉप्लर परिणामामुळे त्याला तरंगाची कंप्रता वाढलेली भासते. ही भासणारी कंप्रता गिरक्यांच्या कंप्रतेइतकी झाली की अनुस्पंदन घडते. तरंगाचे क्षेत्र इलेक्ट्रॉनाच्या आडव्या वेगाशी स्थिर कोन करून राहते व धक्के साठत जातात. तरंगाबरोबर प्रवास करणाऱ्या निरीक्षकाच्या दृष्टीने त्या तरंगाचे विद्युत् क्षेत्र शून्य असते, म्हणून त्याला इलेक्ट्रॉनाची ऊर्जा न बदलता केवळ दिशा बदललेली दिसते. पृथ्वीवरील निरीक्षकाला मात्र दिशेबरोबर ऊर्जाही थोडी बदललेली दिसेल. कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांना तरंग पुरेसे नसल्यास हे अनुस्पंदन साधत नाही, तर अधिक ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांना ते अल्प कंप्रतेच्या तरंगांशीही साधते. अनेक तरंगांशी अनेक वेळा असा संयोग झाला म्हणजे इलेक्ट्रॉनाच्या वेगाची दिशा दारूबाज माणसाच्या पावलांप्रमाणे इकडेतिकडे सरकत जाते. आणि ती क्षेत्ररेषेच्या फार जवळ आली की इलेक्ट्रॉन वातावरणात पडतो. टकरींशिवाय विसरण घडते ते असे.

अनेक लहान तरंगांच्या अशा एकत्रित परिणामाची गणिती पद्धत १९६१-६२ मध्ये सोव्हिएत संघात वेदेनोव, वेलिखोव व साग्देयेव यांनी आणि अमेरिकेत ड्रमंड व पाइन्स यांनी स्वतंत्रपणे तयार केली होती. मूळ प्रेरणा नियंत्रित अणुसंमीलनाची होती. परंतु ती पद्धत अवकाशीय प्रश्नाला तंतोतंत लागू पडली.

संगम पूर्ण झाला तो चार्ल्स केनेल व हॅरी पेटशेक यांच्या १९६६ मधील निबंधात. डंगी यांच्या उपपत्तीत तरंग बाहेरून, विजेपासून येत होते. केनेल व पेटशेक यांनी म्हटले की, तरंग कणच निर्माण करतात. सापळ्याच्या तोंडाजवळचे इलेक्ट्रॉन सतत गळून गेल्याने क्षेत्ररेषेस आडवा वेग असणाऱ्यांचे प्रमाण अधिक राहते. हे असमान वितरणच शीळ-प्रकारच्या तरंगांची वाढ घडवून आणते. वाढलेले तरंग इलेक्ट्रॉनांना विखुरतात, विखुरलेले इलेक्ट्रॉन वातावरणात पडतात आणि पट्ट्यातील संख्या घटते. संख्या घटली की तरंगांची वाढही थांबते. तात्पर्य, सापळ्यात स्थिरपणे राहू शकणाऱ्या कणांच्या संख्येस एक वरची मर्यादा असली पाहिजे. एक्स्प्लोरर १४ ने मोजलेले ४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा अधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन काही अपवाद वगळता ही मर्यादा पाळतात, असे त्यांनी दाखविले.

या निबंधाचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या सूत्रांइतकेच त्याने विचारलेल्या प्रश्नात आहे. कण कोठून आले, या प्रश्नाला तरंगांची आवश्यकता नव्हती; कण याहून अधिक का नाहीत, या प्रश्नाला मात्र तरंगांवाचून उत्तर नव्हते. व्लासोव आणि लांडाउ यांचा टकरीविरहित सिद्धांत व श्रवणयंत्रातील ध्वनी यांना एकाच वाक्यात आणण्याचे काम या अभावाच्या प्रश्नाने केले.

(६)

पुढील दशकात या चौकटीने दोन महत्त्वाची फळे दिली. पहिले फळ दोन पट्ट्यांमधल्या पोकळीचे स्पष्टीकरण होय. पृथ्वीनजीकच्या दाट प्लाझ्मात एक अखंड फुसफुसणारा विद्युत्‌चुंबकीय ध्वनी असतो, असे उपग्रहांवरून आढळले होते. लायन्स, थॉर्न व केनेल यांनी १९७२ मध्ये व लायन्स व थॉर्न यांनी १९७३ मध्ये असा हिशेब मांडला की, बाहेरून आत सरकणारे इलेक्ट्रॉन आणि या ध्वनीमुळे वातावरणात पडणारे इलेक्ट्रॉन यांचा तोल साधला असता दोन पट्टे व मधली पोकळी ही रचना आपोआप निष्पन्न होते. ज्या पोकळीने व्हॅन ॲलन यांच्या काळी कोडे घातले होते, ती सापळ्यातील दोष नसून तरंगांचे कार्यक्षेत्र ठरली.

दुसरे फळ प्रयोगाचे होते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे रॉबर्ट हेलिवेल यांच्या पुढाकाराने अंटार्क्टिकातील सायपल केंद्रावर १९७३ ते १९८८ या काळात अतिनीच कंप्रतेचे प्रेषण करण्यात आले. त्यासाठी बर्फावर प्रथम सुमारे २१ किलोमीटर व पुढे ४२ किलोमीटर लांबीची आकाशतार पसरली होती. क्षेत्ररेषेच्या दुसऱ्या टोकास, कॅनडातील क्वेबेक प्रांतात रोबेरव्हाल येथे ते संदेश ऐकले जात. काही वेळा संदेश पाठविलेल्या शक्तीपेक्षा कितीतरी वाढून पोहोचे, आणि त्याच्या शेवटी मूळ संदेशात नसलेले चढते-उतरते स्वर जोडलेले असत. मार्गातील इलेक्ट्रॉनांनी आपली ऊर्जा तरंगाला दिली, याचा याहून थेट पुरावा जमिनीवरून मिळणे कठीण होते.

(७)

गळतीचा प्रश्न सुटल्यावर मूळ प्रश्न पुन्हा पुढे आला. प्रारण पट्ट्यांतील दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट व त्याहून अधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन कसे तयार होतात? बराच काळ रूढ असलेले मत असे की, ते बाहेरून आत सरकतात, आणि अधिक तीव्र क्षेत्रात येताना त्यांची ऊर्जा वाढते. १९९८ च्या सुमारास समर्स, थॉर्न, हॉर्न प्रभृतींनी दुसरी शक्यता गणिताने मांडली : जे समूहस्वराचे तरंग मंद इलेक्ट्रॉनांकडून ऊर्जा घेतात, तेच तरंग अतिवेगवान इलेक्ट्रॉनांना ऊर्जा देऊ शकतात. तरंग येथे केवळ नाश करणारा राहत नाही. एका समूहाची ऊर्जा दुसऱ्याकडे पोहोचविणारा मध्यस्थ होतो. २००३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील तीव्र भूचुंबकीय वादळाच्या निरीक्षणांवरून हॉर्न व त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये या मताचा पुरस्कार केला. परंतु निर्णय लागला नाही. एकच उपग्रह जेव्हा मोजमाप करतो, तेव्हा दिसलेला फरक स्थळाचा की काळाचा, हे सांगता येत नाही.

३० ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेने जवळजवळ एकाच कक्षेत फिरणारे दोन उपग्रह सोडले. पुढे त्यांना व्हॅन ॲलन यांचे नाव देण्यात आले. दोन मतांतील भेद तपासण्याची कसोटी सरळ होती. इलेक्ट्रॉन बाहेरून येत असतील, तर त्यांची कला-अवकाशातील घनता आत जाताना कमी होत गेली पाहिजे. ते पट्ट्यातच प्रवेगित होत असतील, तर मध्येच तिचे शिखर दिसले पाहिजे. ऑक्टोबर २०१२ मधील वादळात असे शिखर वाढत गेलेले दिसले. रीव्हज व सहकारी यांनी २०१३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी थॉर्न व सहकारी यांनी त्याच घटनेतील समूहस्वराच्या मोजलेल्या तीव्रतेवरून ही वाढ गणिताने काढून दाखविली. बाहेरून होणारे सरकणे यामुळे खोटे ठरले नाही. दोन्ही क्रिया घडतात व वादळागणिक त्यांचे प्रमाण बदलते. या उपग्रहांचे कार्य २०१९ मध्ये समाप्त झाले.

यानंतर प्रत्यक्ष देवघेवीचे मापनही साध्य झाले. २०१८ मध्ये जपानच्या आरासे उपग्रहावरील निरीक्षणांतून समूहस्वराचे तरंग इलेक्ट्रॉनांना विखुरत असताना त्याच क्षेत्ररेषेच्या पायथ्याशी स्पंदमान ध्रुवीय प्रकाश दिसत असल्याचे कासाहारा व सहकारी यांनी दाखविले. त्याच वर्षी चार उपग्रहांच्या एका अमेरिकी मोहिमेतील मापनांवरून किटामुरा व सहकारी यांनी उष्ण प्रोटॉनांकडून तरंगास व तरंगाकडून हीलियमच्या आयनांस जाणारी ऊर्जा प्रत्यक्ष मोजली. प्रीस यांनी ध्रुवीय प्रकाशाच्या रात्री तारांवर ऐकू आलेले ध्वनी नमूद केल्यास तोवर एकशेचोवीस वर्षे झाली होती.

(८)

या इतिहासाशी मुंबईचाही संबंध आहे, आणि तो दोन प्रकारचा आहे. तरंग व कण यांची आंतरक्रिया सर्वांत प्रखर होते ती भूचुंबकीय वादळांत. आणि ज्ञात वादळांपैकी अत्यंत तीव्र असे २ सप्टेंबर १८५९ चे वादळ कुलाबा वेधशाळेत नोंदले गेले. त्या नोंदीत क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने उतरलेला आहे. हे आकडे दीड शतकाजवळ कागदावर राहिले. २००३ मध्ये त्सुरुतानी, गोन्सालेझ, लाखिना व ॲलेक्स यांच्या निबंधात त्यांचे आधुनिक विवेचन झाले आणि ते वादळांच्या अभ्यासाचे एक मानदंड बनले. विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडू नये म्हणून कुलाब्याचे भूचुंबकीय काम विसाव्या शतकाच्या आरंभी अलिबागला हलविण्यात आले व तेथे ते चालू राहिले. दुसरा संबंध सिद्धांताचा होय. भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्ष लाखिना यांनी त्सुरुतानी यांच्यासह १९९७ मध्ये टकरीविरहित प्लाझ्मातील तरंग-कण आंतरक्रियेच्या मूलभूत कल्पनांवर एक विवेचनात्मक निबंध लिहिला. या विषयात प्रवेश करणाऱ्या विद्यार्थ्यास तो आजही उपयुक्त आहे.

वरील विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, या संकल्पनेचा इतिहास एका सिद्धांताच्या क्रमशः विस्ताराचा इतिहास म्हणून लिहिता येणार नाही. लांडाउ यांच्यापासून केनेल व पेटशेक यांच्यापर्यंत सरळ रेषा ओढल्यास बार्कहाउझेन व स्टोरी हे केवळ प्रास्ताविक ठरतात, आणि बार्कहाउझेन यांच्यापासून ओढल्यास लांडाउ यांचे कार्य अवकाशविज्ञानाला अनायास सापडलेले एक साधन वाटते. दोन्ही कथने अपुरी आहेत. दोन परंपरांस जोडणारा दुवा म्हणजे प्रारण पट्ट्यांतील गळती. आणि ती दिसून आली ती उपग्रहांमुळे, तसेच एका अविचारी स्फोटामुळे. दुसरी गोष्ट अशी की, निरुपयोगी म्हणून बाजूला पडलेल्या नोंदींचे मूल्य त्या नोंदी करणाऱ्यांना ठरविता येत नाही. हेरगिरीत अडथळा आणणारी शीळ व कुलाब्याच्या वहीतील आकडे ही त्याची दोन उदाहरणे होत.

हा इतिहास पूर्ण झालेला नाही. प्रारण पट्ट्यांची आजची बहुतेक गणिते लहान व अव्यवस्थित तरंगांच्या गृहीतावर उभी आहेत. पहाटेचा समूहस्वर तसा नाही. त्याचे स्वतंत्र, चढत्या स्वरांचे घटक कित्येकदा मोठ्या विस्ताराचे व सुसंगत असतात, आणि असा तरंग इलेक्ट्रॉनांना विखुरण्याऐवजी काही काळ पकडून बरोबर नेऊ शकतो. अशा अरेषीय क्रियांचा एकूण हिशेबातील वाटा किती, यावर अद्याप एकमत नाही. स्टोरी यांच्या नोंदींत शिळांशेजारी उमटलेला तो किलबिलाट ज्या प्रश्नापाशी पहिल्यांदा ऐकला गेला, त्या प्रश्नाचा एक भाग अद्याप तेथेच उभा आहे.